चिंच-मिठानं धुतलेली भिंत

नवं घर बांधून झालं की ते स्वच्छच असतं, असं मला वाटायचं. दुकानातून आणलेलं लुगडं कसं घडी मोडून सरळ नेसता येतं, तसं. पण घराचं तसं नसतं हो. मिस्त्रीनं ज्या दिवशी आपली थापी, ओळंबा, बादल्या गोळा केल्या आणि "झालं मावशी तुमचं घर" म्हणून हात जोडले, त्या दिवशी मी अंगणात उभी राहून वर पाहिलं आणि माझं मन खट्टू झालं. खिडकीच्या गजांवर रंगाचे ठिपके. परांचीचे बांबू टेकले होते तिथं तिथं काळे डाग. खालून गुडघ्याएवढा चिखल उडालेला. आणि समोरच्या भिंतीचं तर विचारूच नका.

मी मिस्त्रीला म्हटलं, "बाबू, झालं म्हणजे काय झालं? तोंड तर धुतलंच नाही त्याचं."

तो हसला. म्हणाला, "तोंड धुवाले भंडाऱ्याहून माणसं येतात मावशी, मशीन घेऊन. ॲसिड मारतात, पाण्याची धार मारतात, काम खतम."

मला ते पटलं नाही. पटणार कसं? आमची सगळी हयात मातीच्या भिंतींच्या, कवेलूच्या म्हणजे कौलांच्या घरात गेली. आणि त्या घराचं आतलं कोणी का करेना, बाहेरचं काम बाईचं. पावसाळ्यानं भिंतींची सालटं निघायची. दसरा झाला की आम्ही सगळ्या जणी तळ्याकडच्या खड्ड्यातून पांढरी माती आणायचो, रात्रभर भिजत घालायचो, आणि सकाळी कापडाचा पोतारा घेऊन भिंतीला हात द्यायचो. खालून हातभर गेरूचा पट्टा. माझ्या सासूबाई ओट्यावर बसून पाहायच्या. पोतारा कुठं उचलला, कुठं परत टेकवला, ते त्यांना तिथून दिसायचं. "हात फिरवला का नुसता भिंतीले दाखवला वो?" म्हणायच्या. आमच्या एकोडी गावात लग्नाची सोयरीक पाहायला पाहुणे आले की आधी बाहेरची भिंत पाहायचे, मग मुलगी. त्यामुळं घराचं बाहेरचं अंग माझं, हे मी मनाशी धरूनच होते. मला कोणी ते काम दिलं नव्हतं, आणि काढून कोणी घेईल असंही वाटलं नव्हतं.

आता समोरच्या भिंतीची गोष्ट सांगते.

आमच्या शेतात एक बोडी आहे. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, धानाला पाणी द्यायचं. दोन उन्हाळे आम्ही नवरा-बायकोनं तिचा गाळ काढला. एकदम दोघांनीच काढला असं नाही, मजूर होते, पण विटा पाडल्या त्या आम्ही. गाळमातीत धानाचा कोंडा मिसळायचा, पायानं तुडवायचा, लाकडी साच्यात दाबायचा, साचा उलटा करून वीट जमिनीवर ठेवायची. हे तुडवायचे आणि मी पाडायची. माझा हात बसला होता. कधीमधी हेही पाडत, पण यांच्यापेक्षा माझी वीट सरळ यायची, हे ते आजही कबूल करत नाहीत. मग बांधावरच भट्टी रचली, ती पेटवली, आणि थंड झाल्यावर उघडली तेव्हा आतून अशी लाल, खणखणीत वीट निघाली की शेजारच्या बांधावरचे लोक पाहायला आले. तेव्हाच मी म्हटलं होतं, घर बांधू ते याच विटांचं.

बांधलंही त्याच विटांचं. पण वीट भिंतीत गेली की दिसते कुठं? वरून प्लास्टर, वरून पुट्टी, वरून रंग. तीन बाजूंना तसंच झालं, फिकट पिवळा रंग लागला. समोरच्या एका भिंतीसाठी मात्र मी हट्ट धरला. दारापासून डाव्या कोपऱ्यापर्यंतची भिंत उघडी ठेवायची, वीट दिसली पाहिजे. मुलगा जवाहरनगरला नोकरीला आहे, क्वार्टरमध्ये राहतो, शनिवारी रात्री घरी येतो. तो आधी नाही म्हणाला, मग मोबाईलवर कुठल्याशा बंगल्याचे फोटो पाहिले आणि म्हणाला, "ठीक आहे आई, आजकाल फॅशन आहे त्याची." फॅशन तर फॅशन. मला भिंत मिळाल्याशी मतलब.

मिस्त्रीनं बांधलीही सुंदर. पण नंतर तिच्यावरच्या गच्चीचा कठडा बांधला, त्याला गिलावा केला, आणि खालची भिंत झाकायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. वरून सिमेंटचं पाणी ओघळत ओघळत खाली आलं. त्यावर पंधरा दिवस तराई, म्हणजे सिमेंट पक्कं व्हावं म्हणून पाइपानं पाणी मारणं. विटा प्यायल्या पाणी. नंतर ऊन लागलं तसा त्या पाण्याबरोबर आतून पांढरा लोणा, म्हणजे खार फुटला. माझी लाल भिंत अशी दिसायला लागली जसं कोणी ताकाचा हंडा तिच्यावर उपडा केला आणि पुसायचं विसरलं.

घरभरणीचा मुहूर्त निघाला होता, फाल्गुनातला बुधवार. त्याच्या आधीच्या आधीच्या रविवारी मुलगा भिंतीसमोर उभा राहिला, कमरेवर हात ठेवून. सून बाजूला. सून शहापूरची, हायवेवरच्या गावातली. तिच्या माहेरी घराघराला समोरून चकचकीत टाईल. तिनं आजवर टाईलचं नाव काढलं नव्हतं, पण मला ठाऊक होतं.

मुलगा म्हणाला, "आई, हे काही खरं नाही. पाहुणे काय म्हणतील? टाईल लावून टाकू. मी पाहून आलो, लाल रंगाचीच आहे, तुले आवडते तशी. पुढच्या रविवारी माणूस येऊन राहिला."

"येऊन राहिला म्हणजे? सांगूनच आला काय तू?"

"सांगून आलो."

मी यांच्याकडे पाहिलं. हे चपलेत पाय घालत होते. म्हणाले, "लावू दे ना बा. काय फरक पडते? वीट आत हायच."

मला असा राग आला यांचा! कारण हेच रोज संध्याकाळी काठी टेकत त्या भिंतीसमोर जाऊन उभे राहत. पाच-सात मिनिटं विटा निरखत. मी अंगणापलीकडच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरातून, खिडकीतून पाहत असे. आणि आता म्हणे काय फरक पडते.

मी मुलाला म्हटलं, "तुझा माणूस रविवारी येते ना? येऊ दे. त्याच्या आत भिंत साफ झाली तर टाईल लागणार नाही. नाही झाली तर मी तोंडातून अक्षर काढणार नाही."

"कशानं साफ करशीन?"

"हातानं."

तो हसला, पण हो म्हणाला. जाताना बायकोच्या कानाशी वाकून बोलला, ते मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "आईले शिडीवर नको चढू देऊ."

म्हणजे माझ्याकडे सहा दिवस. सोमवार ते शनिवार.

ॲसिडचा विचार मी आधीच सोडला होता. मिस्त्रीनं कोपऱ्यातल्या दोन विटांवर मारून दाखवलं होतं, फसफसलं, सिमेंट गेलं, पण विटा पिवळ्या पडल्या काविळीसारख्या. त्यामुळं माझ्या डोक्यात दुसरंच होतं. तांब्याची घागर काळी पडली की आपण काय करतो? चिंच लावतो, मीठ लावतो, घासतो, धुतो. लख्ख. विटेचा रंग आणि तांब्याचा रंग काही लांबचा नाही. मला तर हे सुचलं तेव्हा इतका आनंद झाला की वाटलं, एवढे मोठे मोठे मिस्त्री झाले, कोणाच्या कसं डोक्यात आलं नाही!

सुनेला सांगितलं, वर्षभराची चिंच काढ. तिनं बरणीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आई, सगळी?"

"सगळी. भिंत पाहा केवढी आहे."

"मग वर्षभर वरणात काय टाकाचं?"

"कोकम टाकू, लिंबू टाकू. नाही तर फिकं खाऊ. घर एकदाच होते वो बाई."

मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, चिंच कोळली, त्यात मूठ-मूठ खडे मीठ टाकलं, आणि काथ्याच्या घासणीनं आम्ही दोघी लागलो. सून शिडीवर, मी खाली. संध्याकाळपर्यंत हात आंबून गेले, नखांत चिंच, डोळ्यांत शिंतोडे. पण भिंत! वरून बादल्यांनी पाणी ओतलं आणि अशी लाल निघाली की मी ओट्यावर बसून पाहतच राहिले. गल्लीतल्या दोघी जणी थांबल्या. एक म्हणाली, "का लावलं वो काकी?" मी काही सांगितलं नाही. नुसतं हसले. आपली युक्ती अशी लगेच द्यायची नसते. त्या दिवशी मी चहात साखर एक चमचा जास्त टाकून घेतली, यांनाही दिली.

मंगळवारी सकाळी अंगण झाडायला बाहेर आले तर झाडू तिथंच हातात राहिला.

सगळी भिंत पांढरी. आधी ओघळ-ओघळ होते, आता एकसारखी. पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्या माणसाच्या भुवया असतात तशी.

मी सुनेला हाक मारली. ती दात घासता घासता आली आणि तोंडातला फेस तसाच राहिला. "हे काय झालं वो आई?"

मी म्हटलं, "नीट धुतलं नाही आपण. चिंच राहिली असन विटेत. अजून पाणी मार." मंगळवारचा अख्खा दिवस आम्ही पाणी मारलं. पाइप लावला, बादल्या ओतल्या, खराट्यानं घासलं. भिंत ओली असेपर्यंत लालभडक. बुधवारी सकाळी आणखी पांढरी.

आता माझं धैर्य सुटलं. मी ओट्याच्या पायरीवर बसले. चार दिवस उरले होते आणि भिंत आम्ही हाती घेतली तेव्हापेक्षा वाईट दिसत होती. गल्लीतली तीच बाई परत गेली, या वेळी तिनं काही विचारलं नाही, ते मला जास्त लागलं. सून भिंतीजवळ उभी होती. तिनं बोटानं ती पांढरी भुकटी खरवडली, नाकाशी नेली, आणि मी काही म्हणायच्या आत जिभेला लावली.

"अवं, काय करून राहिली! भिंत चाटतेस काय?"

ती थू-थू करत म्हणाली, "आई, हे तर खारट आहे. नुसतं मीठ आहे."

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मग तिला हसू फुटलं. मला यायला थोडा वेळ लागला, पण आलं. तांब्याची घागर मीठ पीत नाही. वीट पिते. मी माझ्या हातानं मूठ-मूठ मीठ भिंतीला पाजलं होतं, आणि वर दिवसभर पाणी पाजलं होतं, ते मीठ आत चांगलं मुरावं म्हणून. लोणच्याची भिंत केली होती मी.

हे ओट्यावर बसून ऐकत होते. मला वाटलं आता बोलतील, की सांगितलं होतं ना टाईल लाव. तर ते हसायला लागले. एवढे हसले की खोकला आला, सुनेनं पाणी आणून दिलं. मग डोळे पुसत म्हणाले, "अवो, तू विसरली काय? बोडीवर कच्च्या विटा रचल्या होत्या आपण, त्याइले पांढरं फुटे तं काय करे आपण?"

"काय करे?"

"पाणी मारे काय?"

मी कपाळावर हात मारला. कारण मला आठवलं. त्या गाळातच खार होता. रचलेल्या कच्च्या विटांच्या कडांना तो फुटायचा, आणि आम्ही त्यांना पाणी दाखवत नव्हतो. उलट वारा लागू द्यायचो. कोरड्या झाडूनं पांढरं झाडून टाकायचो, परत फुटलं की परत झाडायचो, आणि खाली पडलेलं उचलून लांब फेकायचो, नाही तर दव पडलं की खालच्या विटा तेच परत ओढून घेत. आतलं मीठ पाण्याबरोबर बाहेर येतं, वारा पाणी नेतो, मीठ उरतं, ते आपण न्यायचं. एवढं साधं. माझ्याच हातचं काम होतं ते. दोन उन्हाळे केलं होतं. पण घर सिमेंटचं झालं म्हटल्यावर माझ्या डोक्यातून बोडीवरचं सगळं पुसून गेलं आणि मी स्वयंपाकघरातलं शहाणपण घेऊन भिंतीवर गेले.

मी यांना म्हटलं, "मग सोमवारी काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलं काय? चिंच कोळता कोळता तं तू राणी झाली होती."

"आणि मुलाला काय म्हटलं? काय फरक पडते!"

त्यांनी काठी घेतली आणि घराच्या मागं गेले. मला वाटलं रागावले. थोड्या वेळानं आले तर धोतराच्या ओच्यात चार-पाच विटांचे तुकडे, उरलेल्या ढिगातले, आपलेच. ते अंगणात ठेवले आणि म्हणाले, "लोणा झाडून जाईन. पण सिमेंटचे ओघळ झाडून जाणार नाहीत. ते याच्यानं घासा. त्याच मातीची वीट हाय, विटेले ओरखडा पडत नाही, आणि घासता घासता लाल भुकटी निघते ते फटीत बसते."

आता हे शहाणपण यांच्याकडे कुठून आलं, मी अजून विचारलेलं नाही. रोज संध्याकाळी पाच-सात मिनिटं भिंतीसमोर उभे राहत, तेव्हाच आलं असेल.

बुधवार दुपारपासून आमच्या अंगणात पाणी बंद. सुनेनं पाइपाची गुंडाळी करून न्हाणीत नेऊन ठेवली, म्हणाली, माझा स्वतःवर भरवसा नाही. सकाळी आणि संध्याकाळी कोरड्या झाडूनं पूर्ण भिंत झाडायची, वरून खाली. खाली जुनी लुगडी अंथरायची, त्यावर पांढरं पडलं की उचलून उकिरड्यापलीकडे झटकून यायचं. मधल्या वेळात सिमेंटचे ओघळ. वीट विटेवर घासायची, गोल गोल नाही, आडवी. खर्र खर्र आवाज. दोन दिवस आमच्या घरातून दुसरा आवाज नव्हता. सून वरच्या थरांवर, मी मधल्या, आणि यांनी एक स्टूल घेतलं आणि खालच्या तीन थरांची जहागिरी मांडली. गुडघा दुखतो म्हणून शेतात जात नाहीत, पण स्टूल सरकवत सरकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. जेवायला बोलावलं तरी, "एवढी एक वीट होऊ दे."

शुक्रवारी एका विटेवरचा सिमेंटचा जाड गोळा निघाला आणि खाली कोंबडीच्या पायाचा ठसा. तीन बोटं, मागं एक. वीट ओली असताना चालून गेली असणार. मी यांना दाखवलं. ते म्हणाले, "ही तुझी वीट."

"कशावरून?"

"माझ्या विटेवर कोंबडी चढत नव्हती. मी हाकलत होतो. तू गप्पा मारत होती."

सुनेनं त्या विटेचा मोबाईलवर फोटो काढला. कोणाला पाठवला ते सांगितलं नाही. त्या दिवशी ती जेवताना मला म्हणाली, "आई, मले पहिले वाटे की टाईलच चांगली दिसन." मी म्हटलं, "मग आता?" ती म्हणाली, "आता माझे हात दुखून राहिले. एवढं घासल्यावर टाईल लावली तर मीच उखडून फेकीन." हे ऐकून मला जे वाटलं ते इथं नीट लिहिता येणार नाही. भिंत राहो की जावो, निम्मं काम झालं होतं.

शनिवारी रात्री मुलगा उशिरा आला, अंधारात काही दिसलं नाही. तो जेवून झोपला. खरी परीक्षा सकाळची होती, कारण पांढरं सकाळीच कळायचं.

रविवारी उजाडताच मी बाहेर आले. भिंत लाल होती. पण खोटं कशाला बोलू, खालच्या चार-पाच थरांवर पातळ पांढरी झाक होतीच, आणि दाराच्या बाजूला एक पट्टा. सोमवारचं माझं मीठ काही चार दिवसांत निघणार नव्हतं. मला वाटलं, मुलगा उठायच्या आधी पटकन झाडून टाकावं. झाडू हातात घेतला. पाहते तर सून आधीच कोपऱ्यात वाकलेली, झाडू घेऊन, चोरासारखी. मी म्हटलं, "ठेव. जसं आहे तसं पाहू दे त्याले." ती म्हणाली, "पण आई..." मी म्हटलं, "आज झाडशीन, उद्या तो पाहीनच ना. नवऱ्याशी लपंडाव कायले?" तिनं झाडू ठेवला. पण तिचं तोंड उतरलं.

मुलगा आला, दात कोरत. उभा राहिला. एकदा या टोकाला गेला, एकदा त्या टोकाला. खालच्या पांढऱ्यावर बोट फिरवलं.

"हे तर आहेच आई."

"आहे. अजून दोन-तीन महिने रोज थोडं थोडं निघन. रोज झाडावं लागन. मी झाडीन."

तो काही बोलणार तेवढ्यात टाईलवाला आला, टेम्पोतून खोकी घेऊन. एक खोकं अंगणात ठेवलं, चिकटपट्टी फाडली, आणि वरची टाईल काढून मुलाच्या हातात दिली. मुलानं ती भिंतीला टेकवून धरली, आम्हाला दाखवायला.

मी चष्मा पुसून पाहिलं. सुनेनं पाहिलं. यांनी स्टुलावरून मान लांब करून पाहिलं.

टाईलवर विटांचं चित्र होतं.

लाल लाल विटा, मध्ये सिमेंटच्या रेघा, सगळ्या एका मापाच्या. खऱ्या विटांच्या भिंतीला टेकवलेलं विटांचं चित्र. मग हे म्हणाले, अगदी गरीब आवाजात, "काय रे बा, याच्यात कोंबडीचा पाय भेटन काय?"

सून आधी हसत सुटली. मग मी. टाईलवाल्याला काही कळेना, तरी तोही हसायला लागला. मुलगा बराच वेळ टाईल तशीच धरून उभा होता, एकदा तिच्याकडे, एकदा भिंतीकडे पाहत. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी चूक सापडली की असेच व्हायचे. शेवटी त्यानं टाईल खाली केली.

टाईलवाला भिंतीजवळ गेला, हातातल्या थापीची मूठ उलटी करून एका विटेवर ठोकली. खण्ण. दुसरीवर ठोकली. खण्ण. "कुठल्या भट्टीची जी?" त्यानं विचारलं. यांनी माझ्याकडे बोट केलं. तो म्हणाला, "काकू, याच्यावर मी टाईल लावली असती तर मलेच बरं वाटलं नसतं. आणि हे पांढरं निघून राहिलं तोवर कोणी लावली असती तर पाणी आतून ढकलते, वर्षभरात फुगून पडली असती."

मुलगा म्हणाला, "मग ह्या खोक्यांचं काय करू?"

सून म्हणाली, "मागच्या न्हाणीले लावा. तिथं कोणी पाहून नाही राहिलं."

तशा त्या मागं लागल्या. आमच्या न्हाणीच्या भिंती आता एकदम फॅशनच्या आहेत.

बुधवारी घरभरणी झाली. सकाळी मी शेवटचा झाडू मारला, सुनेनं दाराला तोरण बांधलं. भिंतीवर मी काहीही लावू दिलं नाही, फुलांच्या माळासुद्धा नाही. मुलाच्या जवाहरनगरच्या ओळखीची माणसं आली, गावातले आले, ती गल्लीतली बाई आली आणि या वेळी सरळ म्हणाली, "काकी, आमचंही घर काढणार आहे यंदा, वीट कुठून आणावी?" मी तिला बोडी दाखवायचं कबूल केलं. युक्तीसकट. मीठ टाकू नको, हे पहिलं सांगितलं.

दुपारी सुनेच्या माहेरची मंडळी शहापूरहून आली. मी दारात हळदी-कुंकवाचं ताट घेऊन उभी होते. विहीणबाई अंगणातच थांबल्या, भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "टाईल कोणत्या कंपनीची वो? एकदम खऱ्यासारखी दिसते."

मी बोलणार होते. पण सून पुढं झाली. तिनं आईचा हात धरला आणि भिंतीवर ठेवला. "हात लावून पाहा ना. विटा आहेत. घरच्या. आमच्या आई-बाबांनी बोडीवर पाडल्या, दोन उन्हाळे." मग ती सांगत सुटली. गाळ, साचा, भट्टी, कोंबडी, सगळं. भट्टी तीन दिवस जळत होती असं म्हणाली, खरं म्हणजे ती आठवडाभर जळत होती. विटा सासऱ्यांनी पाडल्या आणि माती सासूनं तुडवली असंही म्हणाली, म्हणजे पूर्ण उलटं. यांनी स्टुलावरून माझ्याकडे पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

मी सुनेला थांबवलं नाही. ताट धरून हात भरून आले होते, तरी तिचं सांगून होईपर्यंत मी तशीच दारात उभी राहिले.